स्वस्त वेल्डिंग यंत्र आणि स्वच्छ सांधा

गेल्या आषाढातील गोष्ट. चारोटीपासून फार दूर नसलेल्या एका पाड्यावर भाताच्या लावणीची पाहणी करण्यास मी गेलो होतो. पाऊस उत्तम झाला होता, रोपे २४ दिवसांची होऊन लावणीस अगदी योग्य झाली होती, आणि तरीही निम्म्याहून अधिक खाचरे चिखलणीवाचून तशीच पडली होती. बांधाला पॉवर टिलर उभा होता. त्याच्या उजव्या लोखंडी चिखलचाकाची एक पट्टी कड्यापासून निखळली होती व दुसरी लोंबत होती. मालकाने आदल्या रात्री घरच्या लहान वेल्डिंग यंत्रावर ती स्वतः जोडली होती. सकाळी अर्धा तास चाक फिरताच ती पुन्हा सुटली. "साहेब, यंत्रच हलके मिळाले. नाक्यावरच्या मोठ्या यंत्राशिवाय हे काम व्हायचे नाही," असे त्याने मला सांगितले.

मी ती सुटलेली पट्टी हातात घेऊन पाहिली. वरून वितळलेल्या लोखंडाचा चांगला जाड थर बसलेला दिसत होता. परंतु पट्टी उलटी करून पाहताच खरा प्रकार ध्यानात आला. पट्टीच्या कडेवर कापताना उमटलेल्या ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा शाबूत होत्या. म्हणजे मूळ लोखंड वितळलेच नव्हते. त्यावर रॉडचे लोखंड नुसते येऊन बसले होते, शेणाची गोवरी भिंतीवर थापावी तसे; आणि दोहोंच्या मध्ये काळी, काचेसारखी खपली अडकली होती. असा सांधा किती भारी यंत्रावर केला असता तरी सुटलाच असता. यंत्राने दगा दिला नव्हता. त्याच्या आधीच्या व भोवतीच्या चार गोष्टी चुकल्या होत्या.

हे लिहिण्याचे कारण असे की, ही तक्रार आता एका घराची राहिलेली नाही. डहाणू व तलासरी तालुक्यांच्या पाड्यापाड्यांतून अशी इन्व्हर्टर पद्धतीची यंत्रे आलेली आहेत. पूर्वीचे तेलाचे किंवा तांब्याच्या वेटोळ्यांचे यंत्र दोघांनी उचलावे लागे. हे एका हातात मावते, काही हजार रुपयांत मिळते आणि घरच्या एकेरी फेजवर चालते. त्याविषयी आमच्या क्षेत्रात दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की शेतकऱ्याने या फंदात पडूच नये, ते कारागिराचे काम आहे. दुसरा पक्ष यंत्र घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा दांडा जोडावयास निघतो. मला दोन्ही मते अमान्य आहेत. चिखलणीच्या दिवसांत नाक्यावरील कारागिराकडे रांग असते. चाक सोडवून, वाहन मिळवून, तेथवर नेऊन परत आणण्यात दोन-तीन दिवस सहज जातात. त्या दिवसांत रोप वाफ्यात थांबत नाही. ते वयाने वाढत राहते, आणि वय झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात हे येथील कोणत्याही शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून घरच्या घरी साधा सांधा करता येणे ही चैन नव्हे. मात्र तो सांधा सांधाच असला पाहिजे.

आता त्या चाकाकडे वळू. यंत्र घराच्या पडवीत होते आणि वीज दुसऱ्या खोलीतून सुमारे ३० मीटर लांबीच्या बारीक वायरने आणली होती. त्यातही निम्मी वायर रिळावर गुंडाळलेलीच होती. येथे थोडा हिशेब करावा. सुमारे १०० अँपिअरवर वेल्डिंग करताना असे यंत्र विजेच्या बाजूने १८ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. वायर तांब्याची परंतु १ चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर ३० मीटरच्या जाण्या-येण्यात सुमारे २० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असल्यास ५ व्होल्टच जातात. शहरात हे २० व्होल्ट कदाचित कळणारही नाहीत. परंतु ज्या पाड्यावर संध्याकाळी दाब आधीच १९० व्होल्टांवर उतरलेला असतो, तेथे यंत्राच्या वाट्यास १७० उरतात. मग ठिणगी मरते, रॉड चिकटतो आणि मालक यंत्राला दोष देतो. चाऱ्या खचलेल्या पाटाने टोकाच्या शेतात पाणी न पोहोचावे त्यातलाच हा प्रकार. वायर जाड घ्यावी, शक्य तितकी आखूड ठेवावी व रीळ पूर्ण उलगडावे. गुंडाळलेली वायर तापते व तिचे आवरण वितळते. शेजारचे पंप बंद असतील अशी वेळ निवडावी. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग यंत्र चालविणे हा मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर ठरतो. त्या मोहात कोणी पडू नये.

दुसरी चूक होती परतीच्या चिमट्याची. हा चिमटा, ज्याला सर्वजण अर्थिंग म्हणतात, चाकाच्या आसाला, तोही गंज आणि वाळल्या चिखलावर लावला होता. होल्डरातून जितका प्रवाह जातो तितकाच याही वाटेने परत यावा लागतो. ती वाट गंजाने अडविली की ठिणगी कधी भडकते, कधी विझते. चिमट्याखालची जागा लखलखीत घासलेली असावी आणि ती सांध्याच्या जवळच असावी. जवळ असण्याचे आणखी एक कारण आहे. चाक टिलरवरच ठेवून चिमटा दूर इंजिनाच्या सांगाड्यास लावला, तर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो व त्याच्या गोळ्यांना खड्डे पडतात. सांधा होतो आणि महिन्याभराने बेअरिंग घरघरू लागते. या दोहोंचा संबंध कोणाच्या मनातही येत नाही. ट्रॅक्टरवर काम करावयाचे असेल तर बॅटरीच्या वायरी आधी सोडवाव्यात.

तिसरी गोष्ट लोखंडाच्या स्वच्छतेची, आणि माझ्या मते निम्मे वेल्डिंग तेथेच होते. रंग, गंज, ग्रीस, चिखल, शेण यांपैकी काहीही सांध्यात राहिले तर ते ठिणगीच्या उष्णतेने वायुरूप होते आणि वितळलेल्या लोखंडात बुडबुडे सोडते. थंड झाल्यावर तोच सांधा किडक्या दाण्यासारखा आतून पोकळ निघतो. जोडाच्या दोन्ही बाजूंस निदान बोटभर रुंदीपर्यंत लोखंड उजळ होईतो घासावे. ग्राइंडर असल्यास उत्तम. नसल्यास कानस, तारेचा ब्रश आणि हाताचे कष्ट पुरतात. जुना सांधा सुटला असेल तर त्याच्यावरच नवा थर चढविण्याचा मोह फार होतो. तसे करू नये. जुने सच्छिद्र लोखंड आणि खपली घासून पूर्ण काढावी. पट्टी ५ मिलिमीटरहून जाड असल्यास तिची कड उतरती करून घ्यावी, म्हणजे रॉडचे लोखंड तळापर्यंत जाईल.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाविषयी स्वतंत्र सूचना आवश्यक आहे, कारण चिकूच्या बागांतून असे पाइप जागोजागी आहेत. जस्त तापले की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, आणि मनुष्य त्यास हिवताप समजतो. मुलामा आधी घासून काढावा, आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने येईल असे उभे राहून करावे.

चौथी चूक रॉडची होती, आणि ती आपल्या हवेची खास देणगी आहे. रॉडचा पुडा पडवीतील वाशात उघडा खोचून ठेवलेला होता. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या काळात मीठ पाझरते, पापड मऊ पडतात. मग रॉडवरील लेप कोरडा कसा राहावा? साध्या कामास वापरला जाणारा ई ६०१३ जातीचा रॉड थोडा दमटपणा सोसतो. तथापि भिजल्यास तो फुटफुटतो, शिंतोडे उडवितो व सांध्यात छिद्रे पाडतो. असे रॉड साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअस उष्णतेत तासभर सुकवावेत. घरी भट्टी नसते हे मी जाणतो. म्हणून सुकविण्यापेक्षा न भिजू देणे श्रेयस्कर. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा एका टोकाला टोपण बसविलेला प्लास्टिकचा पाइप यात ते सुरक्षित राहतात. एका वेळी लागतील तेवढेच बाहेर काढावेत. लेपाचे टवके उडालेला रॉड फेकून द्यावा. त्याच्याशी झगडण्यात वेळ जातो व सांधाही बिघडतो. पुड्यावर प्रवाहाचा आकडा आणि होल्डर कोणत्या टोकाला लावावा हे छापलेले असते. पुडा टाकून देण्यापूर्वी तो मजकूर कापून यंत्रावर चिकटवावा.

या चार गोष्टी नीट केल्यावर मग हाताचे कौशल्य येते. अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर आणि ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर पुरतात. हलक्या किमतीच्या यंत्रावर बाहेर २०० लिहिलेले असले तरी त्या आकड्यावर ते फार वेळ चालू शकत नाही. दहा मिनिटांतील काही मिनिटेच चालवून त्यास विसावा द्यावा लागतो. किती, ते पाठीमागील पाटीवर दिलेले असते. म्हणून अशा यंत्रास अडीच मिलिमीटरचा रॉडच मानवतो, आणि आपल्या बहुतेक पट्ट्या-अँगलांना तो पुरतोही. जाड रॉडने एकदाच भरघोस थर देण्यापेक्षा बारीक रॉडने दोन थर द्यावेत. फक्त पहिल्या थराची खपली ठोकून, ब्रशने घासून, लोखंड उघडे झाल्याशिवाय दुसरा देऊ नये. त्या चाकाच्या पट्टीत जी काळी खपली अडकलेली सापडली ती याच घाईची होती.

रॉडचे टोक आणि लोखंड यांतील अंतर रॉडच्या जाडीइतकेच असावे. नवशिक्याचा हात भीतीने वर वर जातो, ठिणगी लांब होते, उजेड पुष्कळ पडतो आणि शिंतोडे चहूकडे उडतात. पण उष्णता सांध्यात न जाता हवेत जाते. रॉड थोडा कलता धरून मागे ओढत न्यावा. नजर लखलखाटावर न ठेवता त्याच्या मागे तयार होणाऱ्या वितळलेल्या तळ्यावर ठेवावी. तळे दोन्ही तुकड्यांच्या कडांना सारखे भिडले आहे असे दिसले की पुढे सरकावे. चिखलणी करताना पाणी खाचराच्या चारी कोपऱ्यांत पोहोचले की नाही हे पाहण्याची आपल्या शेतकऱ्याला सवयच असते. त्याच डोळ्याने येथे पाहावयाचे आहे. तापलेल्या सांध्यावर पाणी ओतून तो लवकर थंड करण्याची एक वाईट चाल आहे, ती सोडावी.

त्या दिवशी आम्ही हे सर्व मिळून तासाभरात केले. कामाचा मोठा भाग घासण्यातच गेला. प्रत्यक्ष ठिणगी दहा मिनिटेसुद्धा चालली नसेल. दुपारी चाक पुन्हा खाचरात उतरले आणि त्या हंगामात तो सांधा सुटला नाही. यंत्र तेच होते.

येथे माझी स्वतःचीही एक फजिती सांगतो. कृषी पदवीच्या अभ्यासात अवजारे शिकलो होतो, पण ठिणगी हाती धरली ती नोकरी लागल्यानंतर. पहिल्या वर्षी मी एका कोळप्याचा मोडका दात मोठ्या आत्मविश्वासाने जोडला. सांधा पाहावयास सुबक होता. शेतात पहिल्याच दगडाला तो सांध्यात न मोडता सांध्याच्या शेजारी, काचेसारखा कडकन तुटला. दात कठीण, अधिक कर्बयुक्त पोलादाचा होता, आणि अशा पोलादाची सांध्यालगतची जागा तापून झपाट्याने निवली की ठिसूळ होते, हे मी पुस्तकात वाचूनही विसरलो होतो. पोलाद ओळखण्याची सोपी खूण अशी: तुकडा ग्राइंडरला लावावा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, फिकट पिवळ्या व कमी फाट्यांच्या असतात. कठीण पोलादाच्या ठिणग्यांना पुष्कळ फाटे फुटून फुलबाजीसारखी फुले पडतात. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस असतात. पहिल्या प्रकाराचे काम घरी करावे, उरलेल्या दोहोंचे जाणत्या कारागिरावर सोपवावे.

आणि काही कामे अशी आहेत की ती लोखंड साधे असले तरी घरी करूच नयेत. ट्रॉलीचा दांडा व कडी, ट्रॅक्टरचा तीनबिंदू जोड, ब्रेक व सुकाणूचे भाग, रोटाव्हेटरची पाती: यांतील सांधा सुटला तर माणूस मरतो. आपल्या तालुक्यातून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग रात्रंदिवस वाहता असतो. तेथे भरल्या ट्रॉलीचा दांडा निखळणे म्हणजे काय हे विस्ताराने लिहावयास नको. रोटाव्हेटरचे पाते नवे घ्यावे. तुटलेले जोडून लावल्यास ते फिरताना सुटून गोळीसारखे येते. डिझेलची टाकी अथवा पिंप रिकामे दिसले तरी त्यात वाफ असते, आणि एका ठिणगीने त्याचा स्फोट होतो. कीटकनाशकाचे पिंप तर तापविण्यासही जवळ करू नये.

डोळ्यांविषयी मी जरा कठोरपणे लिहिणार आहे. काळा चष्मा लावून किंवा तोंड वळवून वेल्डिंग करणारे मी पाहिले आहेत. ठिणगीच्या अतिनील किरणांनी डोळ्याची पुढची कातडी भाजते. त्या वेळी काही जाणवत नाही, मध्यरात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखी आग होते. मग बटाट्याच्या चकत्या ठेवल्या जातात. तसे न करता सरळ दवाखान्यात जावे. १० क्रमांकाच्या काचेचा पूर्ण मुखवटा, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, चामडी हातमोजे आणि पायात बूट, एवढे यंत्राबरोबरच विकत घ्यावे. त्यास पैसे उरत नसतील तर यंत्राची खरेदी लांबणीवर टाकावी. पोरे भोवती जमतात, त्यांना आधी घरात पाठवावे. भाताचा पेंढा व गवताच्या गंजीपासून दूर बसावे. पावसात, ओल्या जमिनीवर वा ओल्या कपड्यांनी काम करू नये, कारण ठिणगी पडत नसतानाही होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्टांचा दाब असतो. जेथून वीज घेतली त्या जोडणीवर गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच असावा.

आता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्या मित्रांसाठी. शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण योजनांतून पॉवर टिलर व इतर अवजारे अनुदानावर गावोगाव पोहोचली, ही समाधानाची बाब आहे. पण आपण यंत्राचे वाटप दाखवितो, त्याची चालवणी दाखवितो, आणि ते मोडल्यावर काय करावे हा धडा मात्र कोणीच देत नाही. मला ही उणीव आपल्या कामातली वाटते, शेतकऱ्यातली नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने लोक ते घेईनात. त्या अविश्वासावर मात झाली ती शेतात नांगर चालवून दाखविल्यावर. आजचा शेतकरी लोखंडाला भीत नाही. त्याला ते जोडून दाखविणारा हवा आहे.

त्यासाठी मोठ्या वर्गाची गरज नाही. भाताच्या बियाण्यास आपण ३ टक्के मिठाच्या पाण्याची परीक्षा लावतो. पोचट दाणा आपोआप वर येतो आणि कोणाला व्याख्यान द्यावे लागत नाही. सांध्याचीही तशीच परीक्षा आहे. वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, एक आडवी व एक तिच्यावर उभी, आणि एकाच बाजूने वेल्डिंग करावे. निवल्यावर आडवी पट्टी शेगड्यात आवळून उभ्या पट्टीवर मोकळ्या बाजूने हातोड्याचे घाव घालावेत, म्हणजे ती सांध्याच्या बाजूकडे लवेल. सांधा उघडून तुटला की आतली जागा सर्वांना दाखवावी. सर्वत्र सारखे करडे, दाणेदार लोखंड दिसले तर काम चांगले. छिद्रे दिसली तर ओल किंवा घाण. काळे ठिपके दिसले तर खपली. मूळ पट्टीची कड शाबूत दिसली तर प्रवाह कमी किंवा ठिणगी लांब. उत्तम सांधा तर तुटतच नाही, पट्टीच वाकून पडते. प्रत्येकाने स्वतःचा तुकडा स्वतः फोडून पाहावा.

हे शिबिर मे महिन्यात, रोपवाटिकेच्या तयारीपूर्वी घ्यावे. चारोटी नाक्यावर ज्यांची दुकाने आहेत अशा एखाद्या अनुभवी कारागिरास मानाने बोलवावे व त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा. आपले गिऱ्हाईक तुटेल अशी धास्ती त्यास वाटण्याचा संभव आहे. पण दांडे, गिअरपेट्या आणि बिडाची कामे त्याच्याकडेच जावयाची आहेत, हे त्यास आधीच स्पष्ट सांगावे. माझ्या क्षेत्रातील पहिल्या शिबिरासाठी लागणाऱ्या पट्ट्या मी भंगारातून बाजूस काढून ठेवल्या आहेत. येणाऱ्यांनी आपले यंत्र, आपली वायर व आपलेच रॉड आणावेत, कारण दोष बहुधा त्यांतच सापडतो.